सुसर नाचणारा माणूस

आमचं गाव पासलीच्या वरच्या अंगाला, तोरण्याच्या सावलीतलं. डोंगर चढणं आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही. तरी दुसऱ्या महायुद्धात पलटणीबरोबर इटलीत गेलो तेव्हा तिथल्या डोंगरांनी माझी जिरवली. गुडघाभर बर्फ, वाट म्हणून नाही. दारूगोळा न् शिधा वर यायचा तो खेचरांच्या पाठीवरून. ती खेचरं हाकायला आफ्रिकेतून माणसं आणली होती. साहेब त्यांना बासुतो म्हणायचे. ते स्वतःला बासोथो म्हणत. बर्फ त्यांना नवं नव्हतं. त्यांचा मुलूखही असाच उंच, थंड, गुराढोरांचा.

एकदा आमच्या ठाण्याखाली त्यांतल्या एकाचं खेचर घसरलं आणि ओझ्यासकट ओढ्यात गेलं. आम्ही वरून ओरडत होतो, “सोड त्याला, वर ये!” तो खाली उतरला, अंगावरची जाड घोंगडी त्या जनावरावर टाकली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि काहीतरी लांबलचक, लयीत बोलू लागला. आम्ही दोर खाली सोडेपर्यंत त्याचं बोलणं थांबलं नाही. खेचर जगलं.

मी विचारलं, “काय सांगत होतास त्याला?”

“त्याचं कौतुक. भ्यालेल्याला तो कोण आहे ते सांगावं लागतं.”

आमची भाषा म्हणजे छावणीतली मोडकी हिंदुस्थानी, चार इंग्रजी शब्द आणि बाकी हातवारे. त्यातून कळलं की त्यांच्याकडं बैलाची, घोड्याची, राजाची, सगळ्यांची अशी स्तुती रचतात. पोरगा वयात आला की त्याला रानात नेऊन शिकवतात, आणि तो स्वतःची स्तुती स्वतः रचून गावासमोर म्हणतो. त्यानं आपली म्हणून दाखवायला सुरुवात केली, तेवढ्यात खाली परतायचा हुकूम आला. “उरलेली पुढल्या खेपेला,” तो म्हणाला.

पुढच्या खेपांत दुसरंच बोलणं निघत गेलं. तो मला ‘न्ताते’ म्हणायचा. म्हणजे बाप, पण आपण अनोळखी माणसाला दादा म्हणतो तसं. मीही त्याला तेच म्हणू लागलो. घरच्या आंबिलीची आठवण काढली, तर त्यांच्याकडंही जोंधळ्याचं पीठ आंबवून पेज करतात असं निघालं. एकदा त्यानं विचारलं, “तुम्ही काय नाचता?” मला वाटलं, तमाशाचं विचारतोय. पण त्यांच्यात कूळ विचारायची ती रीत. तो सुसर नाचणारा, म्हणजे सुसर त्यांच्या कुळाची. तिला मारायचं नाही.

“हे तर आमचं देवक!” मी म्हणालो. “आमचं कळंब. झाड.”

तो पोट धरून हसला. “झाड कसं नाचायचं?”

मग दचकायची पाळी माझी. त्यांच्यात नवऱ्याकडून मुलीच्या घरी गुरं द्यायची; म्हणून चुलत्याची मुलगी केलेली बरी, गुरं घरच्याच गोठ्यात राहतात. चुलत बहीण बायको! मी कानांवर हात ठेवले. माझं काय बिनसलं ते त्याला कळेना. त्याच्याबरोबरचा एक त्स्वाना होता, शेजारच्या कोरड्या मुलखातला. दोघांची बोली वेगळी, पण एकमेकांना कळायची, जशी मावळातल्याला देशावरच्याची कळते. हा त्स्वाना निरोप घेताना ‘पुला’ म्हणायचा, म्हणजे पाऊस पडो. मी सांगितलं, आमच्या वेल्ह्यात पावसाला आता पुरे म्हणून हात जोडावे लागतात. त्याचा विश्वास बसला नाही.

आणि माझ्या बासोथो दोस्ताच्या मुलखात एक सपाट माथ्याचा डोंगर होता. त्यांच्या जुन्या राजानं विस्कटलेली माणसं गोळा करून तिथं वसवली. शत्रूला तो डोंगर कधी घेता आला नाही. रात्री तो उंच होतो म्हणे. मी त्याला तोरण्याचं सांगितलं. ऐकून तो म्हणाला, “मग तो डोंगर अजून तुमचाच?”

“आमच्या भोरला राजा आहे. त्याच्यावर साहेब.”

“आमचंही तसंच,” तो म्हणाला, आणि खेचराचा तंग आवळू लागला.

बर्फ वितळायला लागलं तेव्हा वाटेवर तोफांचा मारा झाला. दोन दिवस शिधा आला नाही. मग आला तो त्स्वानाबरोबर. त्यानं माझ्याकडं न बघता ओझं उतरवलं आणि म्हणाला, “पुरलं त्याला. तोंड उगवतीकडं करून.” मला ठाणं सोडायची परवानगी नव्हती. माती टाकायला जाता आलं नाही. ती उरलेली स्तुती कुणाला पाठ होती का, हेही मी विचारलं नाही. त्या वेळी सुचलंच नाही.

घरी आलो. गावानं एकच विचारलं, “हबशी माणसं खात्यात म्हणं, खरं का?” फक्त आईनं सगळं ऐकून घेतलं. भादव्यात पितरांची पानं मांडली तेव्हा तिनं एक जास्तीचं मांडलं.

चुलते म्हणाले, “ह्ये कुणाचं?”

“माझ्या पोराच्या दोस्ताचं.”

“त्या हबश्याचं? कूळ न्हाई, देवक न्हाई, आन् आपल्या पितरांत?”

मी म्हणालो, “देवक हाय त्याला. सुसर.”

सगळे हसले. आई हसली नाही. “देवक हाय म्हंजी घरंदाज हाय,” ती म्हणाली आणि भात वाढला. “त्याच्या आईला कळलं आसंल का रं?”

मला ठाऊक नव्हतं. भोरच्या बाजाराला गेलो तेव्हा शिकल्या-सवरल्यांना विचारलं, त्या मुलखात निरोप कसा धाडावा. कुणी त्या मुलखाचं नावही ऐकलेलं नव्हतं. त्याच्या गावाचं नाव मलाही माहीत नव्हतं.

दोन वर्षांनी आई गेली. भादव्यात चुलतीनं पानं मोजून मांडली, त्यात आईचं होतं, माझ्या दोस्ताचं नव्हतं. घरात माझ्याशिवाय त्याला मानणारं कुणी उरलं नव्हतं. मी आईच्या पानापुढं हात जोडले आणि जेवायला बसलो.