मी साळलेलं कासव

सन दोन हजार सात. कागदावर माझं वय त्रेसष्ट, खरं किती ते आईलाच ठाऊक. भूकंपात औशाकडचं आमचं गाव गेलं त्याला चौदा वर्षं झाली होती, आणि लातुरात दोन खोल्या बांधून राहिलो त्याला बारा.

त्या जूनमध्ये माझी नात नांदेडहून अकरावीला आली. नांदेडात क्लास नव्हते असं नाही, पण सगळ्यांची पोरं लातूरला चालली म्हणून लेकीनंही पोरगी इकडं धाडली. आमच्या गल्लीत तेव्हा जो तो घरावर पत्रे चढवून बाहेरगावच्या पोरांसाठी भाड्याच्या खोल्या काढत होता. पहाटे पाचपासून सायकलींच्या घंट्या. नात रिक्षातून उतरली ती एका हातात पुस्तकांची पेटी आणि दुसऱ्या हातात बादली घेऊन. बादलीत कासव. तळहातापेक्षा थोडं मोठं, कानापाशी तांबडा पट्टा. तिची आई म्हणाली होती, हे गोदावरीत सोडून दे आणि अभ्यासाला लाग. पोरीनं सोडलं नाही. माझ्या न्हाणीत आणून ठेवलं.

मला राग कासवाचा नव्हता, पाण्याचा होता. नळ आठ-आठ दिवस यायचा नाही आणि ह्याला दिवसाआड ताजं पाणी पाहिजे. पोरगी क्लासला गेली की ते काम माझ्या गळ्यात. चाळीस वर्षं बैल राखलेला माणूस मी, आणि आता तांब्यानं कासवाची घाण काढत होतो.

श्रावणात त्याच्या पाठीवरच्या चौकोनांच्या कडा उचलायला लागल्या. पोरगी म्हणाली, "आबा, वरचे पातळ टवके आपोआप गळतात. वाढताना असंच होतं. पाणी साफ ठेवा, विटेवर उन्हात बसू द्या. हात लावू नका."

"हाड हाय ते. हाड कुठं कात टाकतं का?"

"पुस्तकात लिहिलंय."

पुस्तकात लिहिलंय म्हटलं की माझं डोकं फिरायचं. मी तिसरीतून शाळा सोडली. पुढचं सगळं शिकलो ते हातानं, आणि त्यात काही कमी पडलं असं मला कुणी म्हणालेलं नाही. म्हणू दिलंही नाही.

माझा हात शिवशिवत होता त्याला दुसरंही एक कारण होतं, ते मी तिला सांगितलं नाही. गावाकडं आमच्या गोठ्याची दगडमातीची भिंत फुगली होती. वर्षभर बघत होतो. सुगी होऊ दे, मग बघू, म्हणत होतो. भूकंपात आम्ही माणसं वाचलो, पण ती भिंत जोडीतल्या उजव्या बैलावर पडली. तेव्हापासून कुठंही पापुद्रा सुटलेला दिसला की मला बसवत नाही. भिंतीचा असो नाहीतर दाराच्या रंगाचा, खरवडून खाली काय आहे ते बघावंच लागतं.

पोळ्याचा आदला दिवस आला. आमच्याकडं त्या दिवशी खांदमळणी. आधी काचेच्या तुकड्यानं बैलाची शिंगं साळायची, म्हणजे खरवडून गुळगुळीत करायची, मग हळद-तेलानं खांदे मळायचे. राहिलेला बैल विकून बारा वर्षं झाली तरी त्या दिवशी माझे हात शिवशिवतात. शिंगाचंही तसंच असतं. वरचा थर खरबरीत होतो, टवके सुटतात, हळूहळू साळत गेलं की खालून काळंभोर चकचकीत शिंग निघतं. कासवाची पाठ काय वेगळी असणार?

पोरगी क्लासला गेली होती. मी कासव पाटावर घेतलं, डाव्या हातानं दाबून धरलं आणि काच चालवली. पहिले तीन टवके कांद्याच्या पापुद्र्यासारखे अलगद आले. खालची हिरवी पाठ अशी चमकली की मी बायकोला हाक मारली.

ती दारात उभी राहिली. "तुमी काय त्याचे न्हावी हायत का? पोरीनं सांगितलं हुतं ना, हात लावू नका म्हणून?"

"पोरीनं पुस्तकात बघितलंय. मी जनावर बघितलंय."

चौथा टवका सुटेना. तिथं थांबायला पाहिजे होतं. मी जोर लावला. कर्र झालं, खाली पांढरट गुलाबी जागा दिसली आणि तिच्यातून रक्त पाझरलं. कासवानं मान आत घेतली ती घेतलीच. मग जे येत होतं ते केलं. करडीच्या तेलात हळद कालवली आणि त्याची सगळी पाठ मळली.

पोरगी चारला आली. पिवळं कासव बघून जागेवर उभी राहिली.

"आबा, हे काय?"

"औषध लावलंय. दुखणं आलतं त्याला."

"दुखणं कुणी आणलं?"

ती रडली असती तर मी ओरडलो असतो, आणि मला ते जमलं असतं. ती रडली नाही. ओढणीत कासव गुंडाळलं, खांद्यावर पुस्तकांची पिशवी तशीच, आणि जनावरांच्या दवाखान्याकडं निघाली. पाचचा क्लास बुडवून. मी मागोमाग रिक्षात चढलो. "म्हशीच्या डॉक्टरला कासवातलं काय कळतंय?" असं रस्ताभर बोलत राहिलो. ती बाहेर बघत होती.

डॉक्टर तरणाच होता. त्यानं कासव उलटंसुलटं केलं, पाठीचा वास घेतला आणि आवाज चढवला. "कुणी खरवडलं हे? खाली जिवंत हाड आहे! सुटलेला टवका आपणहून पडू द्यायचा असतो. आणि वरून तेल! तेलाखाली ओल कोंडते, सडतं. कुणाचं काम हे?"

मी घसा साफ केला. तेवढ्यात पोरगी बोलली, "माझं."

मग डॉक्टरनं तिच्या पुस्तकांच्या पिशवीकडं बघितलं आणि तिला धू धू धुतलं. "सायन्सला आहेस ना? डॉक्टर व्हायचंय ना? मुक्या जीवावर हात चालवायला शिकतेस?" ती मान खाली घालून ऐकत होती. आणि तहसीलदाराचंही कधी ऐकून न घेतलेला मी, कोपऱ्यात उभा राहून माझ्याच चपला बघत होतो.

"जगेल का?" तिनं विचारलं.

"खाल्लं तर जगेल. कोरडं ठेव, थोडाच वेळ पाण्यात सोड. आणि घासू नकोस!"

बाहेर आल्यावर मी विचारलं, "माझं नाव का घेतलं न्हाईस?"

"तुम्हाला कुणी बोललेलं चालत नाही, आबा. तुम्ही भांडला असता. मग त्यानं कासव बघितलंच नसतं."

खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. मारक्या बैलाला जसं बाजूनं घ्यावं, तसं सोळा वर्षांच्या पोरीनं मला घेतलं होतं. कासव पुढं जगलं, पण त्या दिवशी ते कुणाला माहीत होतं? घरी आल्यावर मी जेवलो नाही. बायको म्हणाली, "त्यानं मान आत घेतली, आता तुमीबी घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी क्लासला गेली आणि मी चालत दवाखाना गाठला. डॉक्टर एका म्हशीच्या मागं उभा होता, कोपरापर्यंत हात आत घालून. म्हशीचा मालक पुढं दावं धरून.

"डॉक्टर, ते कासव मी खरवडलं. पोरीनं न्हाई."

"कोणतं कासव?"

"कालचं. हळदीचं."

"बरं. मग?"

"तिला बोललात ना तुमी, ते मला बोलायचं हुतं."

"आजोबा, ही लई हलायली. आधी शेपूट धरा."

धरलं. आणि धरल्या धरल्या पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, मालकालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.