दसऱ्याला सोफा शिवू नये

आमच्या घराण्यात कॉलेज पूर्ण करणारा पहिला मी, आणि हे मी भेटणाऱ्याला पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. वडील सांगलीला आधी टांग्यांच्या आणि पुढे जीप-रिक्षांच्या गाद्या शिवायचे. त्यामुळे अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावी एम. एस. करत असताना घरात सोफ्याचा विषय निघाला, तेव्हा मी बोलून गेलो, "त्यात काय, मी शिवतो की."

सोफा आम्हाला रस्त्यावर मिळाला होता. मे महिन्यात पोरं घरं सोडताना अर्धा संसार फुटपाथवर टाकून जायची, आणि आमच्यासारखी पोरं तो उचलायची. तपकिरी रेक्झिन, मधोमध फाटलेलं, आणि त्या फाटीतून एक स्प्रिंग डोकं वर काढून बसलेली. आम्हा तिघा रूममेट्सना ती पाठ झाली होती. आम्ही तिला वळसा घालून बसायचो.

पण आता पुणेकराचं लग्न ठरण्याच्या बेतात होतं. पुणेकर म्हणजे आमचा पहिला रूममेट, वंगणशास्त्रात पीएच. डी. करणारा. न्यू जर्सीचे एक सर्जन काका, काकू आणि त्यांची इथेच वाढलेली मुलगी ऑक्टोबरातल्या एका रविवारी मुलगा बघायला येणार होते. पुणेकराला मुलगी फोटोतच पसंत पडली होती. आता तो फक्त स्प्रिंगला घाबरत होता.

"काका बसले आणि ती टोचली, की संपलं यार," तो म्हणायचा. "सर्जन माणूस. कुठे टोचली हेसुद्धा लॅटिनमध्ये सांगेल."

जाड रेक्झिन साध्या मशीनवर शिवलं जात नाही. डोंगरापलीकडच्या खोऱ्यात वीज न वापरणारे आमिश शेतकरी राहतात. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने घोड्यांचे लगाम शिवायचं दुकान बंद केलं होतं. त्याच्या गोठ्यात पायाने चालवायचं, कातडं शिवायचं जुनं मशीन पडून होतं. आम्ही गेलो, तर मशीनवर कोंबडी बसलेली. म्हातारा म्हणाला, मशीन न्या, पण कोंबडी आपणहून उठल्यावर. मग आम्ही तीन उच्चशिक्षित माणसं गवताच्या गठ्ठ्यांवर बसून कोंबडीच्या तोंडाकडे बघत राहिलो. ती उठली तेव्हा पुणेकराने तिला चक्क "थँक यू" म्हटलं.

मशीन गंजून एकसंध झालं होतं. महिनाभर त्याचे भाग आमच्या बाथटबमध्ये रॉकेलात भिजत पडले होते आणि आम्ही अंघोळीला विद्यापीठाच्या जिममध्ये जात होतो. मी तारेच्या ब्रशने चाकांचा एकेक दात घासला, शटल सोडवलं, लगामाच्या कातड्याचा नवा पट्टा चढवला. शेवटच्या शुक्रवारी सगळं जोडून झालं आणि तेल संपलं.

"वंगण माझ्यावर सोड," पुणेकर म्हणाला. त्याने अर्धा तास आम्हाला चिकटपणा, घर्षण आणि तापमान समजावून सांगितलं आणि आईने पाठवलेली खोबरेलाची बाटली मशीनमध्ये रिकामी केली. काय चाललं मशीन! लोण्यासारखं. अख्ख्या घराला न्हाव्याच्या दुकानाचा वास आला. तो जावा म्हणून रात्री खिडकी उघडी ठेवली.

सकाळी पायडल हलेना. आत सगळीकडे पांढरं शुभ्र खोबरेल गोठलं होतं, हिवाळ्यातल्या बाटलीत गोठतं तसं. हे भारतातल्या प्रत्येक पोराला माहीत असतं. पुणेकराने वाकून ते नखाने खरवडून पाहिलं.

"थीसिसमध्ये घाल हे," मी म्हणालो.

"लॅबमध्ये हीटिंग असतं," तो पुटपुटला.

पुन्हा रॉकेल, पुन्हा बाथटब. शनिवारी संध्याकाळी मशीन मोकळं झालं. नवं रेक्झिन मी आधीच कापून ठेवलं होतं. शिवण दोन-तीन तासांची. मी योग्य तेल आणायला गेलो आणि तासाभराने परत आलो, तर मशीनला हळदकुंकू लागलेलं. त्याच्यापुढे पाटावर आमची कात्री, सुऱ्या, पाने, पक्कड, तीन कॅल्क्युलेटर आणि प्रेशर कुकर. उदबत्ती चालू. आमचा दुसरा रूममेट, नागपूरकर, हात जोडून उभा.

"आज खंडेनवमी आहे ना बे," तो म्हणाला. "उद्या दसरा. उद्या संध्याकाळी उत्तरपूजा झाली की मग हात लावायचा."

पुणेकर माझ्याकडे वळला. "तू इंजिनियर आहेस. तू चालव."

मी खुर्ची ओढली, बसलो, पायडलवर पाय ठेवायला गेलो. पाय उचलेना. आमच्या दुकानात दसऱ्याला वडील मशीनला हार घालायचे आणि दिवसभर लांबूनच बघायचे. अगदी फौजदाराच्या जीपची गादी अडली तरी नाही.

"माझी डिग्री असल्याच मशीनवर शिवली गेलीय," मी म्हणालो. "आज नाही जमायचं."

"माझं लग्न?"

"कुकर तरी सोडा," एवढंच मी नागपूरकराला म्हणालो. तोही त्याने सोडला नाही.

त्यामुळे रविवारी दुपारी न्यू जर्सीची मंडळी आली तेव्हा घरात चिरलेलं काहीही नव्हतं. अख्खे उकडलेले बटाटे होते, अख्खे कांदे होते आणि श्रीखंड होतं. सोफा नुसत्या फोमचा, त्यावर कापलेलं रेक्झिन अंथरलेलं. पुणेकर आईने पाठवलेला रेशमी झब्बा घालून स्प्रिंगवर स्वतः बसला होता, म्हणजे दुसरं कोणी बसणार नाही.

काकांनी मशीन पाहिलं, कुंकू पाहिलं, रेक्झिनचे तुकडे पाहिले. मी सगळं सरळ सांगून टाकलं. वडील काय करतात तेही सांगितलं.

"मग अडलंय कुठे?" काका उठले. "गाडीत माझी बॅग आहे. वाकडी सुई आहे. टाकेच घालायचेत ना?"

"अहो, नवे कपडे आहेत," काकू म्हणाल्या.

"सुई पूजेत नव्हती," नागपूरकराने निकाल दिला.

आणि मग त्या सर्जनने, बाह्या दुमडून, गुडघ्यावर बसून आमचा सोफा शिवला. मी कडा ताणून धरत होतो. मुलगी दोरा पुरवत होती. पुणेकर जागचा हलला नाही, कारण काकांनीच सांगितलं होतं, "तू बसून राहा, वजन हवंय." टाके असे आले, की मला हेवा वाटला.

"अहो, तुमची हत्यारंही ठेवा की पूजेला," काकू म्हणाल्या. "तीस वर्षांत कधी केलीत?" काकांनी बॅग पाटावर ठेवली. नागपूरकराने कात्र्या, चिमटे सगळ्यांना कुंकू लावलं.

त्यानंतर पुणेकर नमस्कार करायला उठायला गेला आणि अर्ध्यातून परत बसला.

मुलीने वाकून पाहिलं. "डॅड, यू स्टिच्ड हिम इन."

झब्ब्याची मागची कड सोफ्यात शिवली गेली होती. दुहेरी टाक्याने. घरातली सगळी कात्रीजात पाटावर होती, काकांचीही. "मी नाही हात लावणार," काकूंकडे बघत काका म्हणाले. "आत्ताच ठेवलीत." झब्बा काढून टाकावा, तर समोर होणाऱ्या सासूबाई.

तासाभरासाठी आलेली माणसं मग संध्याकाळपर्यंत थांबली. काका मशीनपाशी खुर्ची घेऊन मला शटल कसं सोडवलं ते विचारत बसले. काकूंनी नागपूरकराकडून बटाटे हाताने फोडून घेतले. मुलगी सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसली. पहिला तास पुणेकर वंगणाबद्दल बोलला. मग बोलायचं काही उरलं नाही, तेव्हा त्याने तिला प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि उत्तरं ऐकली. खोबरेलाची गोष्ट त्याने स्वतःच सांगितली. ती इतकी हसली, की काकू किचनमधून डोकावल्या.

पाणी प्यायला ती किचनमध्ये गेली, तेव्हा काकूंनी नागपूरकरादेखतच दबक्या आवाजात विचारलं, "काय गं?"

"ही लिसन्स, आई."

"त्याला दुसरं करता काय येतंय!"

"आय नो. बट ही इज गुड ॲट इट."

अंधार पडला तशी नागपूरकराने उत्तरपूजा केली, पाटावर अक्षता टाकल्या आणि कात्री मुलीच्या हातात दिली. मला वाटलं ती दोरा कापेल. तिने झब्बाच कापला. "डॅडचे टाके किती छान आलेत," ती म्हणाली.

पुणेकर ताडकन उठला. चार तास स्प्रिंगवर बसून दोन्ही पाय बधिर झाले होते. एक पाऊल टाकलं आणि तो थेट काकांच्या पायांवर आडवा झाला.

"अरे, अरे, असू दे," काका गहिवरले. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "आम्हालाही पसंत आहे."

काकूंनी डोळे टिपले. नागपूरकराने मेपलची पिवळी पानं सोनं म्हणून वाटली. पुणेकर अजून जमिनीवरच होता, त्याला उठता येत नव्हतं. आम्ही कोणीच खुलासा केला नाही.