कुसळांची चादर

"आत्या, बाबा गेले. अगदी शांतपणे गेले." त्या दिवशी सकाळीच पुण्याहून अमेयचा, माझ्या भाच्याचा फोन आला. शांतपणे... हा शब्द मला अजून टोचतो. ज्याची हाक माळाच्या या टोकापासून त्या टोकाला पोचायची, तो माणूस पाचव्या मजल्यावर, बंद खिडक्यांच्या खोलीत शांतपणे नाही तर कसा जाणार?

दादा, माझा थोरला भाऊ, बांधकाम खात्यात इंजिनिअर होता. ठेकेदाराने सिमेंटात हात मारला तर भरलेला स्लॅब फोडायला लावायचा, त्यामुळे भलेभले त्याला टरकून असत. रविवार मात्र घरच्यांचा, आणि घरच्यांसकट गावाबाहेर वैराग रस्त्यावरच्या माळाचा. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही आणि एक जाड सोलापुरी चादर. सावलीचं नाव नाही, तरी हा तिथेच चादर अंथरणार. जेवण झालं की उरलेलं पाणी जमिनीवर ओतायचा आणि छोट्या अमेयला विचारायचा, सांग, कुठे पळेल? उत्तर बरोबर आलं की दादाच जास्त खूश व्हायचा. संध्याकाळी वहिनी चादरीत घुसलेली गवताची कुसळं वेचत बसायची आणि पुन्हा येणार नाही म्हणून बजावायची. पुढच्या रविवारी भाकऱ्या तीच थापायची.

निवृत्तीनंतर त्याचं हृदय थकलं आणि अमेय दोघांना पुण्याला घेऊन गेला. मुलाने काही कमी केलं नाही. औषधं, नर्स, हवा शुद्ध करणारं यंत्र... बोट ठेवायला जागा नाही, याचाच मला जास्त राग येतो. दिवाळीत भेटायला गेले तेव्हा दादाने माझा हात धरला. "एक दिस माळावर नेऊन आण की मला. नुसता बसतो."

मी अमेयकडे विषय काढला. धूळ, प्रवास, डॉक्टर नको म्हणालेत, बरं वाटलं की मीच नेईन, असं तो म्हणाला. आता बरं वाटायचं नाही, हेही डॉक्टरांनीच सांगितलं होतं, आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी भांडायला पदर खोचला, तर दादाच मध्ये पडला. "राहू दे गं. पोरगं काळजीनं सांगतंय."

स्लॅब फोडायला लावणारा माणूस पोटच्या पोरापुढे मान खाली घालून बसला. अमेयला मी एक वेळ माफ करीन. दादाला नाही.

तेराव्यानंतर अमेयने आठवण म्हणून ती चादर माझ्या हातात ठेवली. ड्रायक्लीन केलेली, प्लास्टिकच्या पिशवीत. एक कुसळ शिल्लक नव्हतं.

वहिनी थोडे दिवस माझ्याकडे राहायला आली, तेव्हा आम्ही दोघी माळावर गेलो. चादर अंथरली, भाकरी खाल्ली. वहिनीने उरलेलं पाणी ओतलं आणि ते जिरेपर्यंत बघत राहिली. घरी येऊन मी कुसळं वेचायला बसले, तर तिने चादर माझ्या हातातून काढून घेतली आणि तशीच कपाटात ठेवली.

परवा अमेय तिला न्यायला आला. दुपारी आडवा होताना त्याने कपाटातली चादर अंगावर ओढली आणि दचकून उठून बसला. "आत्या, लई टोचतंय हे." मग त्याने चादर उलटून पाहिली आणि तो एकेका कुसळावरून बोट फिरवत बसला. वेचून देऊ का, असं मी विचारलं नाही. वहिनीही स्वयंपाकघरातून उठून आली नाही.