साकूचा चाकू

आमच्या ग्रामपंचायतीचा शिपाई शिवमूर्ती फार तर बिदरपर्यंत गेला असेल, पण सूर्यमालेच्या बाहेर तो अकरा वेळा जाऊन आला. अकराही वेळा त्याला निरोप द्यायला मी हजर होतो. म्हणजे त्याने लिहिलेलं पहिल्यांदा मीच वाचायचो, आणि ‘ळ’च्या जागी ‘ल’ पडला असेल तर दुरुस्त करायचो. मी चौथी पास, तो मॅट्रिक नापास. दोघांत मिळून एक लेखक होतो, असं आमची मंडळी म्हणायची, आणि तोही पुरता नाही.

झालं असं. लातूरला व्यंकटरावांचा छापखाना होता. तिथून ‘गरुडयान’ नावाची पुस्तकमाला निघायची. खिशात मावेल एवढं पुस्तक, वरती अंगार ओकणारं यान, आत सेनापती तेजराज. एसटी स्टँडावर पुस्तक आलं की भज्याच्या घाण्यापेक्षा जास्त गर्दी तिथं. मी प्रत्येक पुस्तक दोनदा वाचायचो. सेनापती नव्वदाव्या पानावर मरायला टेकायचा आणि शहाण्णवाव्या पानावर कालासुराच्या छातीवर पाय ठेवून उभा असायचा. मला काय मजा यायची म्हणून सांगू!

शिवमूर्तीला मात्र मजा सोसायची नाही. तो जन्मतःच बेजार. चष्मा कपाळावर ढकलायचा, लेखणीच्या टोकाने कान कोरायचा आणि म्हणायचा, “शेषेराव, बेजार केलं बगा या माणसानं. सतराव्या पुस्तकात सेनापतीचा डावा हात तुटला, अन् अठराव्यात दोन्ही हातानं तलवार फिरवून राहिला. हात काय दोडक्याचा वेल हाय, परत फुटायला?” त्याने तसं पोस्टकार्ड टाकलं छापखान्याला. नेमकं त्याच वेळी मूळ लेखकाने, ते एक गुरुजी होते, लिहिणं सोडलं होतं. व्यंकटरावांचं उलट टपाली उत्तर आलं: “मग तुम्हीच लिहा.”

ग्रामपंचायतीचा शिपाई असा अवकाशात चढला.

त्याच सुमाराला आमचा जिल्हा नवा झाला. ब्याऐंशी साल. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, अर्जावरचं उस्मानाबाद खोडून वरती लातूर लिहू लागलो. जिल्हा जवळ आला म्हणून गावात पेढे वाटले. पेढे खाल्लेल्यांत मीही होतो. तीन-चार वर्षांनी पावसाने दगा दिला, विहिरींच्या तळाला भेगा पडल्या, तेव्हा शिवमूर्ती म्हणाला, “जिल्हा इकडं आला खरा. पाणी तिकडंच राहिलं वाटतं, जुन्या जिल्ह्यात.”

मग टँकर सुरू झाला. दुपारी यायचा, मारोतीच्या पारापाशी थांबायचा. पारासमोरच सरपंच हणमंतराव पाटलांचं घर. पाराचं भरून झालं की टँकर खाली भीमनगरात जायचा. पाइप धरायचं काम शिपायाचं, म्हणजे शिवमूर्तीचं. टँकर येईपर्यंत घागरी रांगेत, बायका लिंबाखाली, आणि मी मोठ्याने ‘गरुडयान’ वाचून दाखवणार. असा आमचा दुष्काळ.

इथं एक शब्द सांगून ठेवतो, पुढे लागेल. आमच्या सरहद्दीच्या गावांत कानडी अन् मराठी एकाच ताटात जेवतात. कोणी वाढायला लागलं की आम्ही ‘बास’ म्हणत नाही, ‘साकू’ म्हणतो. भात असो, ताक असो, पाणी असो. आणि रीत अशी, की साकू हे वाढणाऱ्याने म्हणायचं नसतं. घेणाऱ्याने म्हणायचं. तो म्हणत नाही तोवर वाढणाऱ्याने हात आवरायचा नाही.

दहा पुस्तकं शिवमूर्तीने गुमान जुन्या चालीवर लिहिली. अकराव्याला त्याचं टाळकं सटकलं. सकाळी सकाळी माझ्या दारात आला.

“शेषेराव, हे यान सात वर्षं उडून राहिलंय. दीडशे माणसं हायेत. हे पाणी कुठं भरतात?”

“अरे, यान हाय ते. टँकर न्हाई.”

“म्हणूनच बेजार हाय मी. दिवसभर मी घागरी भरतो अन् घरी जाऊन लिहितो, सेनापती गुलाबपाण्यानं न्हाला! लाज वाटती मला लिहायची.”

आणि त्याने लिहिलं. यानाची टाकी फुटते. पाणी माणशी एक वाटी. लोक वाटीवरून एकमेकांच्या नरड्याला हात घालतात. आणि सेनापती तेजराज, ज्याच्यासाठी आम्ही शिट्ट्या मारायचो, तो आपल्या पलंगाखाली पाण्याचा डबा लपवून ठेवतो!

ही कच्ची वही मी लिंबाखाली वाचायला घेतली. पाणीचोरीपाशी आलो आणि लोक उठलेच.

“थांब, थांब!” हणमंतराव ओट्यावरून ओरडले. “सेनापती अन् चोर? ए शिवमूर्ती, भांग घेऊन लिहिलास का? आम्ही हितं तहानेनं मरून राहिलो, अन् वरबी तहानच? मग वर जायचं कशाला माणसानं?”

“तसं न्हाई पाटील, खरं बगायला गेलं तर...”

“खरं बगायला हे गाव हाय की! पुस्तक कशाला पायजे?”

शिवमूर्तीची आई नागुबाई तर डोळ्याला पदर लावून बसली. “त्या लेकराला एक तांब्या दे रे शिवा. सेनापती झाला म्हणून काय झालं, त्यालाबी आई असंल की!”

“आई, तो चोर हाय!”

“तूच केलास की चोर.”

शिवमूर्तीने चष्मा काढला, पुसला, परत घातला. तेवढ्यात रांगेच्या टोकाला कोणीतरी हसलं. भीमनगरातली केवळाबाई. टँकर खाली येईलच याचा भरवसा नसायचा, म्हणून ती घागर घेऊन वर येऊन थांबायची. आमच्याच शाळेत शिकलेली, माझ्याच वर्गात. मी भिंतीला टेकून, ती उंबऱ्याबाहेर बसून. वाचायला मात्र माझ्याहून सरस.

“शिवमूर्ती, खोटं लिहून राहिलास,” ती म्हणाली.

“घ्या! समदे म्हणून राहिले लई खरं झालं म्हणून, अन् तुम्ही म्हणता खोटं! आता काय करावं मी, माय?”

“वरच्या मजल्याला एक वाटी, खालच्या मजल्यालाबी एक वाटी. असं कुटं असतंय का? खाली पोचायच्या आत टाकी संपती. तुला काय सांगायचं, पाइप तुझ्याच हातात असतो. आता सांग, मी या गावात ‘साकू’ कधी म्हणले?”

हणमंतरावांना घरात काम आठवलं.

टँकर आला. पाराचं भरून झालं. मग शिवमूर्ती मागे लटकून भीमनगरात गेला, आणि मीही गेलो, उगीच. अकरावी घागर भरताना पाइप फुर्र फुर्र करायला लागला. रांगेत आणखी तीस-बत्तीस घागरी होत्या. ते फुर्र शिवमूर्ती महिनाभर रोज ऐकत होता. त्या दिवशी तो पाइपाच्या तोंडाकडे बघतच राहिला, जसं काही पाइपच त्याला काही बोलला.

आठवड्यात त्याने शेवट बदलला. यानाच्या तळमजल्यावर यंत्रं पुसणारी एक म्हातारी आणली, गुणामाय. तळमजल्याची माणसं वर चढतात, सेनापतीचा डबा ओढून काढतात, आणि पाणी खालून वाटायला सुरुवात होते. पहिली वाटी गुणामायची. वाटी भरते आणि ती म्हणते, “साकू.” तिथं पुस्तक संपतं. कालासुर येतच नाही. केवळाबाईला त्याने सांगून टाकलं, “माय, शेवटचा शब्द तुमचा. छापून आणतो.”

“छापून आण, मग बगू,” ती म्हणाली.

आम्ही दोघं वही घेऊन लातूरला गेलो. व्यंकटरावांनी उभ्या उभ्या वाचली आणि टेबलावर टाकली.

“कालासुर कुठं आहे?”

“न्हाई.”

“लढाई?”

“पाण्याची हाय की.”

“शिवमूर्ती, अहो, लोक दिवसभर उन्हात असतात. त्यांना घटकाभर वर न्यायचं सोडून तुम्ही त्यांना परत रांगेत उभं करता? काळंकुट्ट आहे हे. पहिल्यापासून सेनापती जिंकत आलाय.”

“पहिल्यापासून पाणी न पिता जिंकत आलाय. त्याचं काय?”

असं दोन चहा होईपर्यंत चाललं. मी मध्ये मध्ये दोघांनाही ‘हाव हाव’, म्हणजे होय होय, म्हणत होतो. शेवटी गुंता एका गोष्टीने सुटला: मुखपृष्ठ आधीच छापून झालं होतं, यंत्र रिकामं होतं, दुसरी वही हातात नव्हती. व्यंकटरावांनी कपाळाला हात लावला. “जा. छापतो. तुमच्या शब्दाला हात लावत नाही. एक अक्षर बदलणार नाही, मग तर झालं?”

शिवमूर्ती परतीच्या एसटीत हसला. मी त्याला हसताना बघितलेली ती पहिली वेळ. वाटेतल्या स्टँडावर त्याने मला केळी खाऊ घातली.

महिन्याने एसटीतून गठ्ठा आला. शिवमूर्तीने सुतळी दातानेच तोडली आणि थेट शेवटचं पान काढलं. मी त्याच्या खांद्यावरून वाचलं.

‘गुणामायची वाटी काठोकाठ भरली. सगळं यान श्वास रोखून उभं होतं. तिने सेनापतीकडे पाहिलं. आणि हळूच, पण शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, “चाकू.”’

खाली ‘समाप्त’.

छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा माणूस सरहद्दीपासून लांबच्या मुलखातला होता. त्याला बिचाऱ्याला साकू काय ठाऊक! म्हातारी सेनापतीकडे बघून शेवटी मागेल तर काय मागेल? लेखकाची चूक दिसतेय म्हणून त्याने सुधारली. एक अक्षर बदलणार नाही म्हणाले होते, एकच बदललं.

शिवमूर्ती पायरीवर बसला. लेखणी कानात घालायची तीही विसरला. तोवर गावात पुस्तक फिरलं आणि काय सांगू, लोक पागल झाले! जे हणमंतराव चिडले होते तेच मला बोलावून म्हणाले, “शेवट लई जबरी केला बग त्यानं. वाटी भरली अन् म्हातारी म्हणती, चाकू! अंगावर काटा आला. याला म्हणतात खरं लिहिणं.” आठ दिवसांत व्यंकटरावांचं पत्र: सगळ्या प्रती संपल्या, वाचक विचारतात म्हातारी सेनापतीचं पुढे काय करते, असंच काळंकुट्ट लिहून तातडीने पाठवा.

शिवमूर्तीने पत्राची घडी घातली, उलगडली, परत घातली. “शेषेराव, पाणी मागितलं तर रडगाणं, अन् चाकू मागितला तर खरं लिहिणं! अरे, मी काय लिवलो अन् हे काय वाचून राहिले! बेजार! बेजार झालो मी!”

त्यानंतर गरुडयान उडालं नाही, निदान शिवमूर्तीच्या हातून तरी नाही.

पण दुसऱ्या दिवशी सकाळीच केवळाबाई पंचायतीत आली. हातात पुस्तक, मध्ये बोट घातलेलं. शिवमूर्ती खुर्चीमागे सरकला.

“मला खाटीक केलास की रे, शिवमूर्ती!”

“माय, शपथ घेतो, मी ‘साकू’च लिवलो होतो. तिकडच्या माणसानं एक अक्षर...”

“एका अक्षरानं काय होतंय ते मला नगं सांगू.” तिने पुस्तक टेबलावर ठेवलं. “जाऊ दे. छापखाना काय तुझ्या हातात नव्हता.” मग दाराशी जाऊन वळली. “पाइप कुणाच्या हातात हाय?”

दुपारी टँकर आला. शिवमूर्ती वेशीपाशीच उभा होता. तो पायरीवर चढला, ड्रायव्हरच्या कानाशी काही बोलला, आणि टँकर पाराशी न थांबता सरळ खाली उतरायला लागला. पारावर एकच कालवा. बायका घागरी उचलून मागे धावल्या, घागरींवर घागरी आपटल्या, आमची मंडळी त्यात पुढे आणि मी पुस्तक काखेत धरून मागे.

“ए शिवमूर्ती!” हणमंतराव धोतर सावरत ओरडत होते. “थांबव! पहिल्यापासून टँकर हितं थांबतो!”

“पहिल्यापासून सेनापतीबी जिंकत आलाय, पाटील! मला बेजार केलंय तुमच्या या पहिल्यापासूननं!”

“नोकरी घालवीन तुझी!”

“घालवा! पण पाइप सोडून बोला!” कारण हणमंतरावांनी टँकरच्या मागे लोंबणारं पाइपाचं टोक धरलं होतं, आणि गावचा सरपंच टँकरमागे ओढला जात होता. त्यांनी सोडलं.

भीमनगरात केवळाबाईची घागर पहिली होती. शिवमूर्तीने पाइप घातला. सगळं गाव भोवती, आणि आवाज एकट्या पाण्याचा. घागर पोटापर्यंत आली, गळ्यापर्यंत आली. शिवमूर्ती पाइप काढेना. रीतच तशी, घेणाऱ्याने म्हणायचं. काठाशी पाणी आलं.

“माय, म्हणा की,” तो अगदी काकुळतीला येऊन म्हणाला.

केवळाबाईने घागरीकडे बघितलं. मग हणमंतरावांकडे बघितलं, जरा निवांतच. मग माझ्या काखेतल्या पुस्तकाकडे.

“चाकू!” ती म्हणाली.

हणमंतराव खरोखर दोन पावलं मागे सरले. आधी नागुबाई हसली, मग भीमनगर, मग सगळं गाव, आणि ड्रायव्हर तर स्टिअरिंगवर डोकं टेकून. एकटा शिवमूर्ती सोडून. तो कपाळाला हात लावून उभा होता, “अहो साकू, माय, साकू!” म्हणत. पण तिने तोवर पाइप स्वतःच्या हाताने उचलून शेजारच्या घागरीत घातलाही होता.