ताट घेऊन ग्रहांच्या भेटीला

हसायचं तर खुशाल हसा, पण मी शरमणार नाही, हे आधीच सांगून ठेवते!

आमचे हे रेल्वेत. त्यामुळे मी साताऱ्याची असूनही गेली अकरा वर्षं जयपूरच्या शास्त्री नगरात. मुलाच्या पत्रिकेत कडक मंगळ, दोन चांगली स्थळं हातची गेलेली. अशात शेजारच्या शर्माभाभी म्हणाल्या, "दीदी, रविवार को सीतापुरा के एक कॉलेज में ग्रहों का प्रोग्राम है. चलोगी?"

आता ग्रहांचा कार्यक्रम म्हणजे काय असणार? ग्रहशांतीच ना! तुम्हाला तरी दुसरं काय वाटलं असतं? मी सकाळपासून उपास धरला. ताटात लाल फुलं, मसूर डाळ, काळे तीळ आणि शनीसाठी तेलाची बाटली. शर्माभाभींबरोबर निघताना ह्यांनाही ओढत नेलं. हॉलच्या दाराशी चपला काढल्या. फक्त माझ्याच होत्या तिथे!

आत स्टेजवर साठ-सत्तर माणसं, काळ्या कोटात.

"अहो, एवढे गुरुजी?"

"गुरुजी कसले? व्हायोलिनं दिसत नाहीत? ऑर्केस्ट्रा आहे हा! ग्रहांवरचं विलायती संगीत वाजवणार!" हे पुटपुटले. "चल घरी. लोक बघतायत."

बघू देत! उपाशीपोटी एवढं ताट सजवून आणलं ते परत न्यायला? मी तरातरा पहिल्या रांगेत जाऊन बसले. ताट मांडीवर.

एक गृहस्थ आमच्याकडे पाठ करून उभे राहिले, हातातली काडी उचलली आणि, शर्माभाभींनी पत्रकात वाचून सांगितलं तसा, मंगळ सुरू झाला. अरे बाप रे! ढोल काय, कर्णे काय, जणू फौजच अंगावर आली. असला मंगळ पत्रिकेत बसलेला, मुली पळणार नाहीत तर काय!

तो थांबताच मी टाळ्या वाजवल्या. एकटीनंच.

"आंटीजी, बीच में ताली नहीं बजाते," मागून कुणीतरी म्हणालं.

"अच्छा लगा तो बजाएँगे!" म्हणत मी आणखी चार वाजवल्या.

शुक्र इतका मऊ की डोळे भरून आले. गुरूला पाय आपोआप ठेका धरायला लागले. शनी आला तो म्हाताऱ्याच्या पावलांनी, एकेक पाऊल टाकत. माझा हात तेलाच्या बाटलीकडे गेला. ह्यांनी मनगटच पकडलं. "सुनंदा, नाही!"

शेवटचा ग्रह तर विरत विरत गेला. सूर बारीक, आणखी बारीक, मग नाहीच. सगळा हॉल श्वास रोखून बसलेला. मी बोटांवर मोजलं. सातच! ताडकन उठले.

"भैया, राहू-केतू रह गए!"

आणि टाळ्यांचा असा कडकडाट, की काय सांगू! लोक उभे राहिले. म्हटलं, चला, कुणाला तरी माझं पटलं. ताट शर्माभाभींच्या हातात दिलं, मागे वळले आणि सगळ्या हॉलला वाकून नमस्कार केला. दोनदा.

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "टाळ्या ऑर्केस्ट्रावाल्यांसाठी होत्या गं."

असतील! पण त्यांच्याआधी मी वाकले.