आंधळा लॅपटॉप

माझा लॅपटॉप इतका पातळ आहे की एकदा तो तपासायच्या वह्यांच्या गठ्ठ्यात गेला आणि मी अर्धा दिवस शाळाभर त्याला शोधत फिरले. एटापल्लीला शिक्षिका म्हणून बदली झाली तेव्हा तो घेतला. तिथून बल्लारपूरला घरी यायचं म्हणजे बस बदलत यायचं, आणि त्यातली एक तरी उभ्यानं. खांद्यावर ओझं जितकं कमी तितकं बरं. त्याच्यावर मी प्रश्नपत्रिका काढते, शाळेची माहिती भरते आणि गेम खेळते. होय, खेळते, अडतिसाव्या वर्षी. बरोबरच्या बायांना यात एवढं हसण्यासारखं काय वाटतं, मला कळत नाही. त्या मालिका बघतात, मी रेल्वेगाड्या चालवते.

गाड्यांचं वेड कुठून आलं ते सांगायला नको. बाबा इंजिन ड्रायव्हर होते. पुढे रेल्वेनं त्या पदाचं नाव बदललं, पण आमच्या घरात ड्रायव्हर तो ड्रायव्हरच राहिला. कोळशाच्या मालगाड्या ओढण्यात त्यांची उमर गेली. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना ते इंजिनावरून उतरले आणि ऑफिसात टेबलावर बसले. डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले, एवढंच आम्हाला कळलं. रेल्वेनं उतरवलं, असं आम्ही धरून चाललो आणि पुढे कोणी काही विचारलं नाही. नंतर मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता ते चष्मा लावून पेपरातल्या बारीक जाहिरातीही वाचतात. पण स्टेशनकडे फिरकत नाहीत. चंद्रपूरला जायचं असलं तर हाती रेल्वेचा पास असून बसच्या गर्दीत घुसतात. एकदा मी म्हटलं, "बाबा, त्या पासचं का लोणचं घालता?" ते हसले नाहीत. मग मीही तो विषय सोडला.

मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांच्यासमोर लॅपटॉप ठेवला. कोणा हौशी माणसानं आपल्याकडच्यासारखे सिग्नल असलेला एक मार्ग गेममध्ये बनवून ठेवला होता, तो मी उतरवून आणला होता. बाबांनी आधी नावं ठेवली. इंजिनात एवढी स्वच्छता कधी नसते म्हणाले. शिट्टीचा आवाजही पसंत पडला नाही. पण खुर्ची पुढे ओढली. कुठल्या बटणानं वेग वाढतो, कुठल्यानं ब्रेक लागतो, एवढं विचारून घेतलं आणि दोन बोटांनी गाडी काढली. चित्र अडखळत होतं. बाबा पडद्याला नाक लावून पुढे बघत होते, त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं, हे आपले पुटपुटताहेत काहीतरी.

आणि मग अचानक, अगदी नाकासमोर, लाल सिग्नल उगवला. बाबांनी ब्रेक लावला, पण गाडी तो ओलांडून पुढे गेली.

ड्रायव्हरच्या घरात वाढलेल्या कोणालाही विचारा. लाल ओलांडणं म्हणजे काय ते त्या घरातली लहान पोरंही जाणतात. मी हसून म्हटलं, "जाऊ द्या बाबा, परत काढू." त्यांनी लॅपटॉप हळूच बंद केला, कुंकवाचा करंडा बंद करावा तसा. म्हणाले, "मले दिसूनच नाई राह्यलं बाई. डोळे गेले ते गेलेच."

दोष त्यांच्या डोळ्यांचा नव्हता. दोष माझा होता. गेममधलं प्रत्येक झाड, प्रत्येक रूळ सेकंदाला कितीतरी वेळा नव्यानं काढावा लागतो आणि ते काम ग्राफिक्स कार्ड करतं. माझ्या पातळ लॅपटॉपात ते नावापुरतंच आहे. त्याला झेपावं म्हणून मी सगळी सेटिंग तळाला नेऊन ठेवली होती. लांबचं काही काढू नको, जवळ आलं की काढ, अशी सूट मीच त्याला दिली होती. म्हणजे दूरचा सिग्नल पडद्यावर नव्हताच. नसलेली वस्तू दिसली नाही म्हणून माझ्या बापानं स्वतःला आंधळं ठरवून टाकलं. मी तीनतीनदा समजावलं, की बाबा, लॅपटॉप आंधळा आहे, तुमी नाई. ते "हो, हो" म्हणाले. लेक समजूत काढते आहे, असा तो हो होता. त्या संध्याकाळी त्यांनी पेपरही उघडला नाही. मला स्वतःचा असा राग आला की काय सांगू.

तेव्हा ठरवलं, यांना सिग्नल लांबून दाखवायचाच.

एटापल्लीत माझ्या खोलीत नेट धड येत नाही. शाळेच्या हापशीपाशी मात्र बरं येतं. तिथं उभं राहून मी कित्येक दुपारी वाचत होते. असं कळलं की मोठ्या कॉम्प्युटरचं दांडगं कार्ड एका वेगळ्या डब्यात बसवता येतं, त्या डब्याला स्वतःची वीज असते, आणि एकाच वायरनं तो डबा लॅपटॉपला जोडता येतो. घरातल्या चुलीवर जागा नाही म्हणून अंगणात दुसरी मांडावी, तसंच हे. मला मोठी गंमत वाटली. चित्रं काढणारा बाहेर बसणार आणि खेळ आत चालणार! पण त्या वायरीला साधं भोक चालत नाही. दिसायला चार्जरच्या भोकासारखंच, पण शेजारी विजेची बारीक खूण हवी. मी तिथल्या तिथे पिशवीतून लॅपटॉप काढून उन्हात तिरपा धरून बघितला. खूण होती! इतकी वर्षं मी तिथं फोन चार्ज करत होते.

चंद्रपूरचा दुकानदार मात्र ऐकेना. "मॅडम, या लॅपटॉपले कार्ड बसतच नाई. हा पातळ माल फक्त दाखवाले असते." मी त्याला खूण दाखवली. त्यानं चष्मा वर करून बघितली आणि म्हणाला, "असन, पन मी कोणाले लावताना पाह्यलं नाई." मीही पाहिलेलं नव्हतं. पण ते मी त्याला कशाला सांगू? त्याच्याकडचं एक वापरलेलं कार्ड निवडून घेतलं. डबा पार्सलनं बल्लारपूरच्या पत्त्यावर मागवला. दिवाळीच्या सुट्टीत घरी आले तेव्हा तो पलंगाखाली माझी वाट बघत होता.

तेलाच्या पाच किलोच्या डब्याएवढा, काळा, जाळीदार. आईनं त्याला बघितलं आणि पहिला प्रश्न केला, "याच्यात धूळ जाइन ना?" बाबा पलंगावर पेपर घेऊन बसले होते. बघत नव्हते, म्हणजे बघत नसल्याचं दाखवत होते.

मी कार्ड बसवलं, वायर जोडली. चाललं! पहिल्याच फटक्यात चाललं याचंच मला नवल वाटलं. पण गाडी पळताना मधूनच चित्राला गचका बसायचा. मी मोबाइलवर वाचत स्वतःशीच बोलत होते, "चित्र डब्यात बनते, मंग त्याच वायरनं वापस लॅपटॉपच्या पडद्यावर येते..."

पेपरामागून आवाज आला, "म्हंजे सिंगल लाईन."

"काय?"

"गोंदियाकडची लाईन माहीत आहे ना? जानारी गाडी अन् येनारी गाडी एकाच रुळावर. एकीले थांबावंच लागते." बाबांनी पेपर खाली घेतला. "टीव्ही डब्यालेच जोड ना सरळ. वापस काऊन आनते?"

मी विज्ञान शिकवते. हे मला सुचायला हवं होतं. टीव्हीची वायर काढून डब्याच्या पाठीत खोचली आणि गचके जवळजवळ गेले. बाबा उठून आले, डब्यामागे हात पाठीशी बांधून उभे राहिले आणि कुठली वायर कुठून कुठे जाते ते बोटानं ताडून बघू लागले. मी गाडी चालवत राहिले. त्यांना बसा म्हटलं नाही. म्हटलं असतं तर ते परत पेपरामागे गेले असते.

दहा मिनिटांनी टीव्ही काळा पडला. मी वायरी हलवल्या, लॅपटॉप बंद-चालू केला. बाबांनी वाकून उलटा पंजा डब्यावर टेकवला. गाडी थांबली की चाकाशेजारचा आस गरम झाला का ते असाच उलट्या हातानं बघायचे, हे मी लहानपणी पाहिलं आहे. "तापलं. याचा श्वास कोंडला," ते म्हणाले. मग दोघांच्याही लक्षात आलं की त्यांचा पंजा डब्यावर नव्हता, कापडावर होता.

बल्लारपुरात राहणाऱ्यालाच हे कळेल. आमच्याकडे सकाळी पुसलेल्या खिडकीवर दुपारी बोट फिरवलं तर कोळशाच्या धुळीनं बोट काळं होतं. त्यामुळे घरात उघडं काही राहत नाही. मिक्सरला अभ्रा, इस्त्रीला अभ्रा, रिमोटला प्लास्टिक. आईनं डबा आल्या दिवशीच डोळ्यांनी माप घेऊन जुन्या चादरीचा अभ्रा शिवून ठेवला होता. वायरींसाठी काजं करून, खाली झालरसुद्धा लावून. आम्ही दोघं टीव्हीत डोकं घालून बसलेलो बघून तिनं तो गुपचूप चढवला होता.

"काढ तो," मी ओरडले. आईला राग आला. "काढा मंग. धूळ बसन तवा मले सांगू नका." अभ्रा हातात घेऊन ती दारात उभी राहिली, आमचं काय होतं ते बघायला.

डबा निवला. टीव्ही उजळला. आणि बाबा कोणी न सांगता खुर्चीवर बसले.

आता सगळी सेटिंग वर होती. रूळ थेट आभाळापर्यंत दिसत होते. बाबांनी वेग घेतला. आता ते पडद्याला नाक लावत नव्हते, पाठ टेकून बसले होते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, त्यामुळे सिग्नल मला दिसलाच नाही. त्यांना दिसला. लांब, वळणाच्या पल्याड, मोहरीएवढा ठिपका.

"येलो," ते म्हणाले.

मला इतका आनंद झाला की टाळी वाजवायची तेवढी राहिली. "पाह्यलं ना बाबा! डोळे चांगले आहेत तुमचे!"

"येलो," ते पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं. आणि ब्रेक लावला. गाडी हळूहळू मंदावली आणि सिग्नलच्या कितीतरी अलीकडे, माळरानात थांबली.

माझं डोकं फिरलं. एवढा खटाटोप केला आणि हे! "बाबा, पिवळ्याले थांबत नाईत! हळू करून पुढं जाते गाडी, तुमीच सांगत होते ना?"

"तू बोलली नाईस."

"मी काय बोलू?"

"मी येलो म्हनलं. जोडीदारानं, म्हंजे असिस्टंटनं, पाहून येलो म्हनाव लागते. दोघाइचं जुळलं तं गाडी पुढं. नाई जुळलं तं थांबाव." ते टीव्हीकडेच बघत होते. "इंजिनात एकट्याचं पाहनं धरत नाई."

म्हणजे उन्हाळ्यात ओठ हलत होते ते पुटपुटणं नव्हतं. ते सिग्नल पुकारायची तयारी ठेवून बसले होते, आणि शेजारी कोणी नव्हतं.

मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्याकडे न बघता सांगितलं. "एक दिवस मी ग्रीन म्हनलं. जोडीदार येलो म्हनला. पोरगाच होता, नवा. म्या म्हनलं, ग्रीन आहे. तो घाबरून गेला, पन बदलला नाई. येलोच म्हनत राह्यला. म्या गाडी थांबोली. खाली उतरून जवळ जाऊन पाह्यलं, तं येलो."

दारात आई झालर बोटांत गुंडाळत उभी होती. तिलाही हे पहिल्यांदाच कळत होतं.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. ड्यूटी संपल्यावर मीच गेलो डॉक्टरकडे. म्हनलं, माहे डोळे तपासा, मले गाडी देऊ नका."

आम्ही इतकी वर्षं रेल्वेला बोल लावत होतो. आणि हा माणूस आपल्या पायांनी चालत जाऊन आपलं इंजिन ठेवून आला होता. घरी येऊन जेवला होता, आणि आम्ही त्याला काही विचारलं नव्हतं. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. "सांगितलं काऊन नाई बाबा?"

"का सांगू? त्या पोरानं माहं ऐकलं असतं तं?" एवढंच म्हणाले आणि त्यांनी हनुवटीनं उजवीकडची जागा दाखवली. ड्रायव्हर डावीकडे, जोडीदार उजवीकडे.

आईनं अभ्रा खांद्यावर टाकला आणि स्वयंपाकघरातलं स्टूल आणून तिथं ठेवलं. मी बसले. बाबांनी ब्रेक सोडला. माळरान सरकू लागलं, तो पिवळा सिग्नल आम्ही दोघांनी पुकारून पार केला, पुढचं स्टेशन मागे टाकलं. मग लांबच लांब सरळ रूळ आला.

"डबल येलो," बाबा म्हणाले.

मी डोळे ताणून बघितलं. मला काहीच दिसत नव्हतं. हो म्हणून टाकावं असं फार वाटलं. त्यांच्या बोटाखाली ब्रेकचं बटण होतं आणि ते वाट बघत होते. मी गप्प राहिले. त्यांनी वेग थोडा कमी केला, पण माझ्याकडे बघितलं नाही. रुळाच्या टोकाशी आधी नुसतं धुरकट, मग एक पिवळा ठिपका, मग त्याच्या वर दुसरा.

"डबल येलो," मी म्हटलं, आणि बाबांनी ब्रेकवरचं बोट उचललं.