भाऊंचं पोट

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. वडील चळवळीतले, त्यामुळे आमच्या नांदेडच्या घरात उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे कायम असत. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी गणितं सोडवली आणि पुढच्या बाजूवरून भाषा उचलली. म्हणून असेल, मला अजूनही साधं बोलता येत नाही. जाब विचारल्यासारखंच बोलते.

चळवळीतले वक्ते भाऊ मला भेटले ते बारावीत. मी लातूरला क्लाससाठी होस्टेलवर राहत होते. कुणीतरी मोबाइलवर त्यांचं भाषण लावलं आणि आतल्या आत खुपणारं काहीतरी असं मोठ्यानं म्हणता येतं, हे मला पहिल्यांदा कळलं. "ज्याच्या घरचं पाणी तुम्ही पीत नाही, त्याच्या मताला हात लावू नका!" या वाक्यावर मी रडले होते. आज लाखो लोक त्यांना ऐकतात. मी मात्र स्वतःला त्यांनी घडवलेलीच समजत आले.

गेल्या महिन्यात आम्ही कार्यकर्त्यांनी त्यांना बोलावलं. सकाळी नांदेडला सभा, संध्याकाळी लातूरला. पत्रक मी लिहिलं आणि ते वाक्य ठळक अक्षरांत वर टाकलं. आमच्यात एक रीत आहे. सभा झाली की पाहुणा हॉटेलात जात नाही, कार्यकर्त्याच्या घरी सगळ्यांबरोबर खाली बसून जेवतो. यावेळची पाळी माझ्या मैत्रिणीनं मागून घेतली. तिच्या वडिलांचं शिलाईचं दुकान आहे. "भाऊ आमच्या घरी जेवनार हायत, समजलं का?" असं ती आठवडाभर दिसेल त्याला सांगत होती.

तिच्या अम्मीनं बगारा खाना, म्हणजे फोडणीचा भात, आणि मटण-डाळीचा दालचा केला होता. भाऊंना चालेल न चालेल म्हणून मेथीची भाजी आणि भाकरीही. ताटं नवी आणली होती. गडबडीत एका ताटाचं स्टिकर काढायचं राहिलं होतं, आणि नेमकं तेच भाऊंच्या पुढं आलं. त्यांनी ताटाकडं पाहिलं, मग पोटावर हात ठेवला.

"अम्मी, माफ करा. सकाळपासून पोट बिघडलंय. तुमच्या हातचं पुढच्या वेळी नक्की."

"पानी तरी घ्या, भाऊ," अम्मी म्हणाल्या.

"नको. पाण्यानंच तर बाधलंय."

अम्मी घाबरल्या. ओवा आणायला आत गेल्या.

लातूरला जाताना लोहा गावाच्या पुढं भाऊंनी गाडी एका ढाब्यावर घ्यायला लावली. मटण, दोन भाकरी, वर ताक. मी समोर बसले होते. म्हणाले, "खा की. अशी का बघून राहिलीस?"

"भाऊ, पोट...?"

ते हसले. "अगं, माझ्या पोटाला जागा बघून भूक लागते."

टेबलावरचे सगळे हसले. मीही हसले. उभ्या आयुष्यात मी इतकं घाण हसलेले नाही.

संध्याकाळी लातूरच्या हॉलमध्ये क्लासची पोरंपोरी दाटीवाटीनं उभी होती. त्यांच्या हातात मीच पत्रकं दिली. भाऊ पाण्याच्या वाक्यावर आले आणि माझ्या अंगावर काटा आला. सगळं डोळ्यांनी बघूनही. टाळी माझ्या हातांनी वाजवली, मी थांबवू शकले नाही. पुढच्या रांगेत एक मुलगी डोळे पुसत होती. तिला ओढून बाहेर न्यावं असं वाटलं, आणि तिचा हेवाही वाटला.

आता पुढची सभा भोकरला आहे. भाऊंना बोलवायचं की नाही, हे ठरवायला मैत्रीण घरी आली. आल्या आल्या म्हणाली, "अम्मी विचारून राहिली, भाऊंचं पोट बरं झालं का?"

मग मी तिला ढाबा सांगितला. हसले तेही सांगितलं. तिनं पत्रकांच्या गठ्ठ्याची सुतळी बोटाला गुंडाळली आणि बराच वेळ सोडवत बसली.

"मला तवाच कळलं होतं," ती म्हणाली. "पोट बिघडलेला मानूस ताटाकडं तसं बघत न्हाई. तू कधी सांगतीस, ते मी बघत होते."

मला वर बघवेना. "त्यांना नकोच बोलवायला," मी म्हणाले. माझा आवाज एकदम पत्रकातला झाला होता.

"का नको? लई गर्दी व्हते त्यांना. आन् ते वाक्य काय खोटंय का? बोलवायचं. जेवन आमच्याच घरी. फक्त यावेळी आधी जेवन, मग भाषन."

"आणि नाही जेवले तर?"

"तर भाषन तू करायचं. ते वाक्य तुला पाठच हाय."

फोन तिनं माझ्यासमोर सरकवला. मी लावला. भाऊंनी भोकरची तारीख आनंदानं घेतली. मग नेहमीसारखं विचारलं, "जेवण कुणाकडं?"

"नांदेडलाच, भाऊ. मागच्या वेळी राहिलं तिथंच. सभेच्या आधी."

मी फोन कानाशी घट्ट धरला. मैत्रीण माझ्याकडं बघत होती. आणि लाज याची वाटते, की त्या क्षणी मला ना अम्मी आठवल्या ना ते ताट. भाऊंनी हो म्हणावं, एवढ्यासाठीच माझा जीव तुटत होता.